बसायच्या जागा

मुंबईत बार वाढले, हॉटेलं वाढली, रात्रही लांबली. खिशात मोजके पैसे असलेल्या माणसाला दोन तास निवांत बसता येईल अशी खुर्ची मात्र कमी होत चालली आहे. त्या खुर्चीच्या आसपास जे जे होतं, त्यातलं काही गेलं, काही जायच्या वाटेवर आहे. ते इथे नोंदवून ठेवतो.

परमिट

१९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो. दारूबंदी पुढे सैल झाली, कायद्याचं नाव बदललं, पण परवान्याचं कलम अजून जागेवर आहे. परवानाधारकांनी बसून प्यायची खोली म्हणून परमिट रूम. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. पंचवीस वर्षांखालच्याला कडक दारू नाही, एकविसाखालच्याला बिअरही नाही, ही पाटी गल्ल्यामागे, गणपतीच्या तसबिरीशेजारी. आता दारावर लाउंज, टॅपरूम, गॅस्ट्रोपब अशी नावं आली. ‘परमिट रूम’ ही लाल अक्षरं उतरली की तिथला दरही बदलतो.

आंटीचा अड्डा

कडक दारूबंदीच्या वर्षांत धोबीतलाव, माझगाव, वांद्रे या भागांत गोवन आणि ईस्ट इंडियन बायका घराच्या पुढच्या खोलीत दारू विकत. हातभट्टीचा माल टायरच्या ट्यूबमध्ये भरून यायचा. दोन बाकडी, एक टेबल, भिंतीवर येशूची तसबीर, बशीत उकडलेलं अंडं आणि मीठ. खोलीत भांडण चालत नसे. आंटीने हात धरून बाहेर काढलं की माणूस मुकाट्याने निघायचा.

अड्डे गेले याचं दुःख करू नये. विषारी दारूने या शहरात कितीतरी घरं उद्ध्वस्त झाली. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसं मेली. पण ज्या बायकांनी या धंद्यावर पोरं वाढवली, शिकवली, त्यांच्या कष्टाची नोंद कुठेच झाली नाही, हे दुःख आहे.

चर्चगेटचा बँड

चर्चगेट ते मरीन ड्राइव्ह या टापूत एके काळी दर दोन दारांआड जिवंत बँड वाजत असे. गेलॉर्ड, अॅस्टोरिया हॉटेलमधलं व्हेनिस, अॅम्बॅसेडर. वाजवणारे बहुतेक गोव्याचे. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा सी. रामचंद्रांच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाला जात. आपल्या आजीआजोबांनी रेडिओवर ऐकलेल्या कितीतरी गाण्यांतला तो उसळता ठेका याच टापूतून आला. ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांचं कोकणी गाणंही इथेच वाढलं.

हे वादक धोबीतलाव-माझगावच्या कुडांत राहत. कूड म्हणजे गावच्या लोकांनी मुंबईत चालवलेली सामाईक खोली: भिंतीला पेट्या, रात्री जमिनीवर चटया, कोपऱ्यात वेदी. बँड गेले, कूडही ओस पडत चालले.

रंगभवन

धोबीतलावचं उघडं नाट्यगृह. १९७८मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव इथेच सुरू झाला. कॉलेजची पोरं स्वस्त तिकिटात परदेशी वादक ऐकत आणि मध्यंतरात बाहेरच्या गाडीवर वडापाव खात. शेजारी रुग्णालयं आहेत. परिसर शांतता क्षेत्र ठरला, मैफली थांबल्या. रुग्णांची शांतता आधी, यात वाद नाही. तेवढ्याच स्वस्त तिकिटाची दुसरी जागा शहराने उभी करायला हवी होती. ती केली नाही.

गुरुवारचं टेबल

काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये कवी अरुण कोलटकर मित्रांबरोबर दर गुरुवारी बसत. खिडकीतून दिसणारा तो तिठा पुढे ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आला, पुस्तक २००४चं, आणि त्याच वर्षी कोलटकर गेले. वेसाइड इन त्याआधीच बंद झालं होतं आणि गुरुवारची मंडळी फोर्टातल्या कॅफे मिलिटरीत जाऊन बसू लागली होती. तिथे बिअर मिळे, आणि ऑर्डर संपली म्हणून कुणी उठवत नसे.

त्याच परिसरात जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे १९६४पासून होतं. ते २०१५मध्ये बंद झालं. २०१६मध्ये समोरचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान गेलं. चित्र पाहा, चहा-बिअर घ्या, रेकॉर्ड चाळा, असा सबंध संध्याकाळचा फेरा थोड्या पैशांत होत होता. दोन वर्षांत तो मोडला.

लादीचा बर्फ

संध्याकाळी सहाच्या सुमाराला हातगाडीवरून लादी यायची, गोणपाटात गुंडाळलेली, अंगाला लाकडाचा भुसा. बारच्या मागच्या दारी पोऱ्या ती मोरीशी उभी करी, दोन तांबे पाणी मारून भुसा धुऊन काढी. मग टोच्याने वरून खाली एका रेषेत भोकं पाडत जाई. घाई केली तर लादी वेडीवाकडी फुटते, म्हणून घाव हलके, सारख्या अंतरावर. शेवटच्या घावाला लादी सरळ दुभंगे. तुकडे गोणपाटात घालून दांडक्याने ठेचायचे आणि थर्मोकोलच्या खोक्यात भरायचे, की रात्रीची सोय झाली.

या बर्फाचं पाणी कुठलं, हा प्रश्न कायमचा होता. २०१८मध्ये राज्यात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालणं सक्तीचं झालं. आता यंत्रातून एकसारखे चौकोनी खडे पडतात. पिणाऱ्याच्या पोटाला ते बरे. लादी सरळ फोडण्याचं कसब मात्र यापुढे कुणी शिकणार नाही.

क्वार्टर

एकशे ऐंशी मिलिलिटर. वेटर सीलबंद बाटली टेबलावर ठेवतो आणि गिऱ्हाइकाच्या देखत झाकण पिरगाळतो. सील तुटल्याचा आवाज आला की मापाबद्दल आणि मालाबद्दल शंका उरत नाही. दोन ग्लास, एक क्वार्टर, एक सोडा, जग भरून थंड पाणी फुकट. दोघांत निम्मी निम्मी.

क्वार्टर बारचं खरं मोल त्या हिशेबात होतं. कारकून, कंपाउंडर, प्रेसमधला कंपोझिटर आत शिरण्याआधीच आपलं बिल जाणून असे. किती पैसे जाणार आणि घरी किती न्यायचे, हे दाराबाहेर ठरे. आजच्या बारमध्ये तीस मिलिलिटरचा दर, त्यावर कर, त्यावर सेवाशुल्क. बिल हातात येईपर्यंत अंदाज लागत नाही. ज्याला अंदाज लागत नाही असा माणूस आत जायचंच टाळतो.

चखणा

न मागता येई तो चखणा. उकडलेले चणे, खारे शेंगदाणे, मीठ-मिरपूड लावलेल्या काकडीच्या फोडी, कधी लिंबू पिळलेला मुळा. संपला की पुन्हा बशी. दारू पिणारा उपाशी पोटी उठू नये, एवढी काळजी मालकाला होती. आता चण्यांना मेन्यूत नाव आहे आणि नावाला किंमत आहे.

अण्णा

मुंबईच्या परमिट रूम बऱ्याच अंशी कर्नाटक किनाऱ्यावरच्या तुळुनाडूच्या शेट्टींनी उभ्या केल्या. गावाकडून आलेला पोरगा आधी टेबल पुसायचा, मग वेटर, मग गल्ल्यावर. दिवसभर काम, संध्याकाळी फोर्टातली रात्रशाळा, परत आल्यावर दुकान बंद होईपर्यंत पुन्हा काम, आणि झोपायला तीच टेबलं जोडून. यांतल्या अनेकांनी पुढे स्वतःची हॉटेलं काढली.

अशा वेटरला नेहमीच्या गिऱ्हाइकाचा ब्रँड पाठ असे. पगाराच्या आठवड्यात रम कुठली आणि महिनाअखेरीला कुठली, हेही. चौथा पेग मागितला की तो हळूच म्हणे, ‘‘साहेब, शेवटची गाडी निघेल.’’ बिल बडीशेपेच्या बशीत, पेन्सिल कानावर. क्यूआर कोडवर ऑर्डर घेणारी व्यवस्था चुका कमी करत असेल. तुमची गाडी किती वाजताची, हे तिला कळणार नाही.

अॅशट्रे

२ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली आणि टेबलावरची काचेची जाड अॅशट्रे उठली. त्याआधी बारमध्ये धुराने डोळे चुरचुरत, आणि सगळ्यात जास्त धूर वेटरच्या छातीत जाई. ही गोष्ट गेली ते चांगलं झालं.

फॅमिली रूम

माळ्यावर किंवा मागच्या बाजूला, पडदे लावलेले चार कप्पे. बाई बरोबर असली तर तिथेच बसायचं. बाहेरच्या हॉलमध्ये बाई एकटी बसली तर सगळ्या माना वळत. जुन्या बारच्या आठवणी काढणाऱ्या आम्हा पुरुषांनी हे विसरू नये: ती स्वस्त, निवांत खुर्ची अर्ध्या शहराला कधी मिळालीच नाही. आज चार मैत्रिणी ऑफिस सुटल्यावर मोकळ्या हॉलमध्ये बिअर घेत बसतात, हा या यादीतला खराखुरा फायदा. पडदा जायलाच हवा होता.

बारमधल्या बायका

२००५मध्ये राज्याने डान्स बार बंद केले. नाचणाऱ्या हजारो बायकांची कमाई एका निर्णयाने गेली. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली, २०१६मध्ये राज्याने नव्या अटींचा कायदा केला, २०१९मध्ये न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच अटी सैल केल्या. चौदा वर्षं खटला चालला, आणि तेवढ्या वर्षांत त्या बायकांचं कमावतं वय उलटून गेलं. शहराच्या नीतीवर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. त्यांच्या घरभाड्यावर फार थोडे बोलले.

गिरणगावची रात्र

तिसऱ्या पाळीला जाणारे आणि दुसरीहून सुटलेले लालबाग-परळच्या नाक्यावर एकमेकांना भेटत. खानावळी उशिरापर्यंत उघड्या. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत. दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटकं आणि कोकणातल्या शक्ती-तुऱ्याचे सामने रंगत. ‘देशी दारूचे सरकारमान्य दुकान’ या पाटीखाली संत्र्याच्या वासाची बाटली उभ्या उभ्या संपे.

जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांची ती रात्र कायमची विस्कटली. हनुमान थिएटर गेलं. १९२२चं दामोदर २०२३च्या नोव्हेंबरमध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. गिरण्यांच्या आवारात नवे बार आले. मथुरादास मिलमध्ये २००७ ते २०१६ ब्लू फ्रॉग होतं. तिथलं संगीत उत्तम होतं, हे मान्य केलंच पाहिजे. कमला मिलच्या गच्चीवरच्या बारमध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १४ जण मेले. त्या आवारात पूर्वी राबलेल्यांपैकी फार थोड्यांना तिथलं एका संध्याकाळचं बिल परवडलं असतं.

भुर्जीची गाडी

स्टेशनबाहेर, पेट्रोमॅक्सच्या आणि नंतर बॅटरीच्या दिव्याखाली. तव्यावर कांदा, मिरची, टोमॅटो, दोन अंडी, उलथन्याचा खडखडाट, तव्यावरच दाबून भाजलेला पाव. बारमधून उठलेला, प्रेसमधून सुटलेला आणि नाटकाचा सेट ट्रकमध्ये चढवून आलेला, तिघं एकाच गाडीशी उभे राहत.

जानेवारी २०२०मध्ये सरकारने मुंबईत हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली. ती मिळाली मॉलना आणि बंदिस्त आवारांना. रस्त्यावरची गाडी तिच्यात बसत नव्हती. या शहराला रात्री जेवू घालत आली होती ती गाडीच.

पद्मिनी

बारबाहेर रांगेने उभ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. खिडकीबाहेरचं लोखंडी मीटर हाताने पाडलं की भाडं मीटरप्रमाणे, मागणीप्रमाणे नाही. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २००३मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३अखेर ती रस्त्यावरून उतरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिझेलवरची जुनी डबलडेकरही गेली. आता रात्री घरी जायचा दर मोबाइल सांगतो, आणि पाऊस आला की तो वाढतो.

उरलं ते

कारणं उघड आहेत. पागडीच्या जुन्या इमारती पुनर्विकासात जातात आणि नव्या इमारतीत जुन्या भाड्याचा गाळा नसतो. मालकांची मुलं शिकली. त्यांना रात्री दीडपर्यंत गल्ल्यावर बसायचं नाही, आणि का बसावं? करांचा बोजाही आहे. १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरच्या परमिट रूम मालकांनी मद्यावरची करवाढ आणि परवाना शुल्कवाढ यांविरुद्ध एक दिवस बंद पाळला. ही वाढ मोठा बार गिऱ्हाइकावर टाकू शकतो. क्वार्टर बारचं गिऱ्हाईक ती सोसू शकत नाही.

सरकारकडे मागणं एकच: दोनशे रुपयांत बसता येणारी जागा आणि दोन हजारांची जागा यांना एकाच शुल्काच्या तराजूत तोलू नका, आणि रात्रीचा परवाना मॉलइतकाच हातगाडीलाही द्या. तुमच्याकडे मागणं त्याहून सोपं आहे. तुमच्या स्टेशनजवळ एखादी जुनी परमिट रूम, एखादं इराणी हॉटेल, एखादी भुर्जीची गाडी अजून असेल. या आठवड्यात तिथे जा. मित्राला न्या, मैत्रिणीला न्या, पीत नसाल तर चहा घ्या. अशा जागा गिऱ्हाइकावरच टिकतात.