पत्त्यांतले दशावतार

खेळ कोणाला आवडत नाही? लहानांना आवडतो, तसा मोठ्यांनाही आवडतो. आमच्या वर्गात सध्या चित्रांच्या पानांचे वेड आहे. कोणाजवळ कुस्तीगीर, तर कोणाजवळ पोकेमॉन. पोकेमॉनचा खरा खेळ ६० पानांचा असतो. हातात ७ पाने घ्यायची, ६ पाने बक्षिसाची म्हणून उपडी ठेवायची आणि पिकाचूसारख्या काल्पनिक प्राण्यांची लढाई लावायची. पण मधल्या सुट्टीत एवढं कोण करतं? ज्याचा आकडा मोठा तो जिंकला, की झालं! माझ्या लहान भावाजवळ चारच पाने. त्याला कोणी खेळायला घेत नाही. आई म्हणते, "एवढे पैसे कागदात कायले घालता रे?"

चित्रांची पाने आपल्या देशात फार जुनी आहेत. त्यांना गंजिफा म्हणतात. बाबर बादशहाने १५२७ साली सिंधमधील शाह हसनला गंजिफा पाठवल्या होत्या. मोगली गंजिफांत ९६ पाने असत. कोकणातील सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत १२० पाने असतात, आणि तीही गोल! दहा अवतार आणि प्रत्येकाची १२ पाने : राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. ही कला मरू घातली होती. राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती वाचवली. तेथील राजवाड्यात आजही पाने हाताने रंगवतात.

हा खेळ तिघे खेळतात. प्रत्येकाला सारखी ४० पाने. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा येईल तो सुरुवात करतो, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा. हुकूम नसतोच. खरी गंमत पुढे आहे. पाच अवतारांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा! म्हणजे कोणतेही पान कायमचे लहान नाही. कोणते पान खेळून गेले, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत असा संच घरीच केला. जुन्या लग्नपत्रिका आणल्या, डबीचे झाकण ठेवून गोल कापल्या, चिंचोक्याच्या खळीने दोन-दोन चिकटवल्या. १२० पाने रंगवता रंगवता बोटे दुखून आली. पण आता भाऊ आपली ४० पाने घेऊन ऐटीत बसतो. त्याच्या सारं ध्यानात राहतं. परवा त्यानं एका एक्क्यानं माझी दश्शी मारली!

पत्ते म्हटले की घरची मोठी माणसे जुगार समजतात. आमच्या खेळात एक पैसाही लागत नाही. पालकांनी आज शाळेत आलेच आहात तर एक डाव बघून जावे. मुलांनो, तुम्हीही मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गात या. पाने आणू नका. लग्नपत्रिका असतील तर आणा, दुसरा संच करायचा आहे.

— इयत्ता सातवी, देऊळघाट