त्याला आहे, मग तिला कसे नाही?

खटाव-माणच्या दुष्काळी गावांतून माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर पडली. कुणी मुंबईत माथाडी झाले, कुणी परमुलखात गलाईचा धंदा मांडला. वर्षवर्ष दुरावणाऱ्या संसारांचे आजार वडूजच्या माझ्या दवाखान्यात येतात, त्यांत एचआयव्हीही असतो.

मध्यंतरी असेच एक जोडपे आले. तो बाधित, गेले आठ महिने गोळ्यांवर. तिची तपासणी दोनदा निर्दोष. "डॉक्टर, ह्यांना हाय, मग मला कसं न्हाई?" तिने विचारले. सासूबाईंचे उत्तर तयारच होते : रिपोर्टच खोटा, गोळ्या बंद करा. मला भीती वाटली ती या उत्तराची.

लागण प्रत्येक संबंधातून होतेच असे नाही. पुरुषाकडून स्त्रीला एका असुरक्षित संबंधात ती होण्याची शक्यता सरासरी दहा हजारांत आठ मानतात. पण सरासरी फसवी असते. बाधा झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत विषाणू रक्ताच्या एकेका मिलिलिटरमध्ये लाखोंनी असतात. तेव्हा तपासणी निर्दोष येऊ शकते आणि रुग्णाला साधा ताप वाटतो. गुप्तांगावर व्रण असेल तर त्वचेचा अडसर तुटतो; शिवाय विषाणू ज्या पांढऱ्या पेशींत शिरतो, त्या नेमक्या तिथे गोळा झालेल्या असतात. दुर्गंधीयुक्त स्राव लाजेखातर अंगावर काढणाऱ्या भगिनींवर मी रागावतो तो यासाठीच.

आणि गोळ्या? पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग असलेल्या, नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या अभ्यासातून २०११ साली दिसले की, औषध लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. रक्तातले विषाणूच कमी झाले, तर पोहोचणार काय? आपल्याकडे २०१७ पासून निदान होताच हे औषध मोफत सुरू करतात.

ती वाचली त्यात थोडे नशीब, बरेचसे या गोळ्यांचे श्रेय. त्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतात. सासूबाईंना हे पटायला तीन भेटी लागल्या. रक्तातील विषाणू मोजणीत दिसेनासे होऊन सहा महिने लोटेपर्यंत निरोध वापरावा आणि तिने ठरावीक काळाने तपासणी करावी, एवढे मी चिठ्ठीवर लिहून दिले.