इंजिनाची बदली

‘बदली’ हा शब्द आम्हा नोकरदार मंडळींच्या आयुष्यात जितका खोल शिरलेला असतो तितका क्वचितच दुसरा एखादा शब्द शिरला असेल. तो कानी पडताच बांधलेल्या ट्रंका, मुलांच्या शाळेचे दाखले आणि परक्या गावातले पहिले चार उदास दिवस डोळ्यांपुढे उभे राहतात. पण बदली केवळ माणसांचीच होते असे नाही. ती इंजिनाचीही होते. आणि नव्या जागी रुजू होताना जे जे सोसावे लागते ते त्यालाही चुकत नाही, हे ज्ञान मला डेहराडूनच्या मुक्कामात झाले.

ही गोष्ट १९८७ सालची. डेहराडून त्या वेळी उत्तर प्रदेशात होते. उत्तराखंड राज्य व्हायला अजून तेरा वर्षे होती. आमच्या शेजारी एक निवृत्त गढवाली सुभेदार राहत. नोकरीची काही वर्षे अहमदनगरला काढल्यामुळे ‘या, बसा’ आणि ‘चहा घेणार का?’ एवढे मराठी ते मोठ्या अभिमानाने बोलत. त्यांची लहानशी लिचीची बाग होती आणि माल मंडईत नेण्यासाठी जीपच्या बनावटीची एक जुनी पिकअप होती. तिचे पेट्रोलचे हरिकेन इंजिन मोठे गुणी. पण पेट्रोल पिण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. बागेने मिळवावे आणि गाडीने प्यावे, असा तो संसार होता. डिझेल त्या काळी पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास दराने मिळे. तेव्हा सुभेदारसाहेबांनी दिल्लीला मायापुरीच्या भंगार बाजारात जाऊन अपघातात मोडलेल्या एका जीपचे प्यूजो डिझेल इंजिन विकत आणले.

कागदावर पाहिले तर ही दोन इंजिने सख्खी भावंडेच वाटावीत. दोघांनाही चार सिलिंडर. एकाची क्षमता सुमारे २२०० घनसेंटिमीटर, तर दुसऱ्याची २११२. पण स्वभाव अगदी निराळे. पेट्रोलचे इंजिन इंधन आणि हवा यांचे मिश्रण सातेक पट दाबते आणि ठिणगीने पेटवते. डिझेलचे इंजिन नुसती हवाच बावीस पटींच्या आसपास दाबते. त्या दाबाने ती इतकी तापते की तीत उडवलेले तेल आपोआप पेट घेते. ठिणगी नाही, प्लग नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने ही कल्पना १८९२ साली पेटंटासाठी मांडली आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे तिचे यशस्वी इंजिन चालवून दाखवले. पुढे किर्लोस्करांच्या ऑइल इंजिनांनी हीच धडधड आपल्या मळ्यामळ्यांतून पोहोचवली. विहिरीच्या काठी लहानपणी ऐकलेला तो आवाज हिमालयाच्या पायथ्याशी पुन्हा कानी आला, तेव्हा मला उगाचच गावाकडचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

मिस्त्री एक वृद्ध सरदारजी होते. त्यांच्या शेडमध्ये रविवारी सकाळी जाऊन बसणे हा माझा परिपाठच झाला. इंजिन काढणे सोपे, बसवणेही फार अवघड नाही. अवघड असते ते जुळवणे. जुन्या गिअरबॉक्सची भोके आणि नव्या इंजिनाची भोके जुळेनात, म्हणून मध्ये जाड पोलादी पाटा कातून घालावा लागला. त्यात केसाइतका फरक राहिला तरी क्लच आणि बेअरिंग लवकर झिजते, म्हणून सरदारजींनी तो तीन वेळा काढून पुन्हा बसवला. इंजिन जड, तेव्हा पुढच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये एकेक पान वाढवले. जास्त दाबाचे इंजिन फिरवायला मोठी बॅटरी आली. उरलेले तेल टाकीत परत नेणारी नळी नव्याने टाकली.

गंमत पुढेच होती. किल्ली फिरवून बंद केली तरी इंजिन आपले चालूच! ठिणगीच नाही, तर विजेचा प्रवाह तोडून ते थांबणार कसे? तेल तोडणारी एक ओढतार बसवली तेव्हा कुठे ते गप्प झाले. उलट, काच पुसणारा वायपर मात्र कायमचा मुका झाला. तो पेट्रोल इंजिनाच्या शोषणावर चाले आणि डिझेलमध्ये ते शोषण जवळजवळ नसतेच. जुना अधिकारी गेला की त्याच्या भरवशावर चालणारा एखादा शिपाई जसा निरुपयोगी ठरतो, तशी त्याची गत झाली.

गाडी तयार झाली. पण नोंदणीपुस्तकात जुन्याच इंजिनाचा क्रमांक होता. १९३९च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे असा बदल कळवून मंजुरी घेणे भाग होते. अर्ज गेला आणि कागद हलेनात. बागेत लिची तांबूस होऊ लागली. लिचीचा हंगाम तो केवढा! सारे मिळून तीनेक आठवडे. एका संध्याकाळी सुभेदारसाहेब म्हणाले, “साहेब, एक फोन करा. तुमच्या शब्दाने काम होईल.”

मी फोन केला नाही. भंगार बाजारातून आलेले इंजिन कोणाचे, हा प्रश्न विचारणे त्या कचेरीचे कर्तव्यच होते, आणि तो प्रश्न माझ्या शब्दाने दडपला जावा हे मला पटेना. त्याऐवजी विक्रेत्याची पावती, मोडलेल्या जीपचे कागद आणि इंजिनावरच्या क्रमांकाचा पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा जोडून मी त्यांना नवा अर्ज लिहून दिला. मंजुरी आली; पण हंगामाचा पहिला आठवडा हातचा गेला. त्या वर्षी आमच्या घरी लिचीची टोपली आली नाही. चहाचे मराठी आमंत्रणही पावसाळाभर बंद होते.

पुढच्या वर्षी मात्र टोपली आली. डेहराडूनला ‘राव’ म्हणतात ते पावसाळी ओढे पूर्वी त्यांच्या गाडीला अडवीत. पाणी उडून डिस्ट्रिब्यूटर भिजला की ती मध्येच बसे. आता भिजायला काही उरलेच नव्हते. काच हाताने पुसत, धडधडत, ती पलीकडे जाई.

आज ही बदली इतकी सोपी राहिलेली नाही. १९८८चा कायदा आला, २००० साली त्यातील बदलांविषयीचे कलम कडक झाले आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही मूळ बनावटीशी विसंगत फेरफारांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. ज्या काळ्या धुराकडे आम्ही कौतुकाने पाहत होतो, त्याची किंमत त्या खोऱ्यातल्या कोणाच्या तरी फुप्फुसांनी मोजली असणार. पेट्रोलच्या हिशेबात ती कोठेच मांडलेली नव्हती. स्वस्ताई नेहमी अशीच असते काय? आपल्या वहीत शिल्लक दाखवायची आणि खर्च दुसऱ्याच्या नावे टाकायचा?

तरीही त्या सरदारजींचा पोलादी पाटा मला आठवतो. दोन परक्या यंत्रांमध्ये उभा राहून तो दोघांचेही धक्के सोसत होता. परमुलखात वर्षे काढलेल्या माणसाला त्याचे काम काय असते, हे निराळे सांगावे लागत नाही.