मासा जमा, मासा नावे

उमरेडच्या माणसाला मासा नवा नाही. आमच्याकडे मासा ही दोनच ठिकाणी सापडणारी वस्तू आहे : तलावात किंवा रश्शात. मधला काही वेळ तो ढिवराच्या टोपलीत असतो, पण तो आपला प्रवासातला मुक्काम. तलावातून बाहेर यायचं, फोटो काढून घ्यायचा आणि पुन्हा पाण्यात जायचं, असा माशाचा तिसराही एक जीवनक्रम आहे आणि त्यासाठी माणसं खिशातले हजारो रुपये मोजतात, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही हिमाचल प्रदेशात जाऊन.

त्याचं असं झालं, आमच्या एल. एफ. सी.चा चार वर्षांचा ब्लॉक संपत आला होता. एल. एफ. सी. म्हणजे बँकेच्या खर्चानं देश बघायची सवलत. ती वाया गेली तर बँकेच्या माणसाला कर्ज बुडाल्यापेक्षा जास्त दुःख होतं. कर्ज बँकेचं असतं, सवलत आपली. तेव्हा पुण्याला संगणकाच्या कंपनीत असलेला भाचा म्हणाला, "मामा, तीर्थनला चला. नदीकाठी लॉज आहे. गाइड मासे धरायला शिकवतो."

आईनं यातली पहिली दोनच अक्षरं ऐकली. तिनं नारळ, उदबत्ती आणि शेजारच्या काकूंनी दिलेले अकरा रुपये माझ्या बॅगेत ठेवले. तीर्थन ही कुल्लू जिल्ह्यातली एक नदी आहे आणि आपला मुलगा तिथे जीवहत्येचा क्लास लावायला चालला आहे, हे तिला कोण सांगणार?

नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून रात्रभर बस, पहाटे औटला उतरायचं, मग जीपनं बंजारवरून गुशैणीकडे. लॉज लाकडी, खोलीखालीच नदी. तिचा आवाज रात्रभर इतका, की आमची ही म्हणाली, "आपल्याकडे कोळशाचे ट्रक हेच काम फुकट करतात."

सकाळी गाइड आला. पंचविशीतला पोरगा, छातीपर्यंत रबरी पँट. त्यानं आधी मत्स्य विभागाचा परवाना दाखवला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते, तो तिचा विणीचा हंगाम. मग त्यानं एक डबी उघडली. मला वाटलं, गांडुळं. पण आत होत्या माश्या! खऱ्या नव्हेत, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या.

"सर, पहले मक्खी चुनिए."

खोटी वस्तू दाखवून समोरच्याला विश्वासानं तोंड उघडायला लावणं, याला आमच्याकडे चारशेवीस म्हणतात. (2024पासून कायद्यातलं कलम बदललं, पण धंदा आणि शब्द तेच राहिले.) शिवाय गळाला काटा नव्हता. टोक होतं, पण मासा निसटू नये म्हणून असतो तो उलटा काटा घासून टाकलेला. म्हणजे फसवायचं, पण जामीन तयार ठेवून.

ट्राउट मुळात तिथली नव्हेच. साहेबाला काश्मीरच्या नद्या बघून घरची आठवण झाली. 1899 साली विलायतेहून आलेली अंडी वाटेत खराब झाली. 1900 साली पुन्हा मागवली, ती जगली. तिथून 1909 साली मासा कुल्लूकडे आला. साहेब गेला, ट्राउट राहिली. आमच्या बँकेतले काही फॉर्मही असेच राहिलेले आहेत.

दोन तास मी छडी हलवली. दोनदा झुडूप आणि एकदा भाच्याची टोपी गळाला लागली. आणि मग दोर एकदम ताणला! खोटं कशाला सांगू, छातीत धडधडलं. पहिली नोकरी लागल्याच्या पत्रानंतर इतकं धडधडलं नव्हतं. गाइड म्हणाला, "हात गीले कीजिए, सर." कोरड्या हातानं धरलं तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग धरतो. मी हात ओले केले. वीतभर मासा, अंगावर तांबडे ठिपके. फोटो झाला आणि मासा पाण्यात.

"एवढं करून सोडला?" ही वरून ओरडली. ती कांदा कापायच्या बेतात होती.

मी बी. कॉम. आहे. मनातल्या मनात खतावणी मांडली : दहा वाजता मासा जमा, दहा वाजून दोन मिनिटांनी मासा नावे, शिल्लक शून्य. सेवाशुल्क वेगळं.

संध्याकाळी शेगडीशी गाइड बोलता झाला. त्याचे वडील याच नदीत जाळं टाकायचे. काहीजण रात्री ब्लीचिंग पावडर टाकतात. मग लहानमोठा सगळाच मासा उलटा होऊन तरंगतो. "बेच दी तो एक बार पैसा, सर. छोड़ दी तो अगले साल भी कोई आएगा." म्हणून रात्री पात्रात बॅटरी दिसली, की गावची पोरं धावतात. मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगायचं, हे मी काउंटरवर वीस वर्षं लोकांना सांगतोय. ऐकलेलं पहिल्यांदा पाहिलं. माशाला यातलं काय वाटतं, ते मात्र कुणी विचारत नाही.

महाशीरचं तर असं झालं, की कावेरी खोऱ्यात 1946 साली व्हॅन इंगेन यांनी 120 पौंडांचा मासा गळानं धरला. त्या जातीला शास्त्रज्ञांनी नीट नाव दिलं 2018 साली आणि त्याच वर्षी ती नष्ट होण्याच्या टोकाला असल्याची नोंद झाली. खातं उघडलं तेव्हा शिल्लक संपत आलेली. आपल्याकडे लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं महाशीरची पिल्लं वाढवली, म्हणून निदान ठेव तरी आहे.

परत आल्यावर हे सगळं मी आमच्या एका खातेदाराला सांगितलं. जातीनं ढिवर, मामा तलावावर मासेमारी. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली, तलाव राहिले, त्यांत आता गाळ आणि बेशरमाची झुडपं. याला कुठल्या महिन्यात मरळ काठाला येते, कुठलं गवत गेलं की कुठला मासा जातो, सगळं पाठ. तिकडे गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे ढिवर बायांनी तलावातलं बेशरम उपटून पाणवनस्पती लावल्या आणि गावठी मासा परत आला, हेही त्यालाच माहीत होतं. मला कुठल्या परिपत्रकात आलं नव्हतं.

त्यानं पासबुक खिशात घातलं.

"धरून सोडते? आन् पैसे कोन देते, मासा का मानूस?"

"माणूस."

"दिवसाचे किती जी?"

मी आकडा सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला.

"त्याईले माह्या तलावावर आना नं साहेब. मीबी धरून देतो, सोडून देतो. रबराचा पँट नाही आपल्यापाशी, तं शंभर रुपये कमी घेईन."