लाटांखालचा काळोख

समुद्रकांठच्या संगीताविषयीं सर्वसाधारण समजूत अशी असते कीं, तें उन्हाचें, उल्हासाचें व तारुण्याचें संगीत असावयाचें. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९६० च्या सुमारास ‘सर्फ’ नांवाचें जें वाद्यसंगीत उदयास आलें, त्याच्यासंबंधानें तर ही समजूत अगदीं रूढ होऊन बसली आहे. फळीवर उभे राहून लाटेबरोबर घसरत येणारे तरुण, पांढरी वाळू, निळें आकाश आणि त्यामागें खणखणणारी विजेची गिटार, असें एक चित्र मनांत ठरून गेलेलें असतें. परंतु हें संगीत जरा मन लावून ऐकणाऱ्यास एक विलक्षण गोष्ट आढळून येते. त्यांतील पुष्कळशा नांवाजलेल्या गतींचा भाव हर्षाचा नाहीं. त्यांत ऊन कमी आहे. रात्र अधिक आहे.

सांता अॅना येथील शाळकरी मुलांच्या ‘शॅन्टेज’ या मंडळीनें १९६२ सालीं ध्वनिमुद्रित केलेली ‘पाइपलाइन’ ही गत घ्या. आरंभींच जाड तारेवरून सरसरत खालीं उतरणारा स्वर ऐकतांना पायांखालील जमीन सुटल्यासारखें वाटतें. दुसऱ्याच वर्षीं ‘सर्फारीज’ यांची ‘वाइप आउट’ निघाली. तिचें नांवच लाटेनें फळीवरून उडवून दिल्याचें आहे, आणि ती सुरू होते एका वेडगळ हास्यानें. ऑस्ट्रेलियांतील ‘अटलांटिक्स’ या मंडळीनें १९६३ मध्येंच ‘बोंबोरा’ ही गत वाजविली. बुडालेल्या खडकावर फुटणाऱ्या धोक्याच्या लाटेस तिकडे बोंबोरा म्हणतात. ज्याला समुद्राचें भय ठाऊक नाहीं, तो आपल्या गतीस असें नांव देणार नाहीं.

या काळोखाचें कांहीं श्रेय एका साध्या पेटीस द्यावें लागतें. १९६१ मध्यें फेंडर कंपनीनें गिटारसाठीं एक स्वतंत्र यंत्र बाजारांत आणलें. त्याच्या आंत तारेच्या स्प्रिंगा ताणून बसविलेल्या असतात. गिटारमधून आलेली विजेची लहर स्प्रिंगेच्या एका टोकास थरथरविते. ती थरथर दुसऱ्या टोकाला पोंचते, परतते, पुन्हां जाते, आणि शेवटीं विजेंत रूपांतरित होऊन मूळ स्वरांत मिसळते. परिणाम असा कीं, लहानशा खोलींत वाजविलेली तार दगडी गाभाऱ्यांत किंवा खोल विहिरींत वाजल्याप्रमाणें घुमूं लागते. अशा स्वरास तिकडील वादक ‘ओला’ स्वर म्हणतात, तें अगदीं यथार्थ आहे.

परंतु घुमणें म्हणजे कांहीं परकेपणा नव्हे. तो आला स्वरांच्या निवडींतून, आणि ती हकीगत मोठी मनोवेधक आहे. या संगीताचा अग्रणी म्हणून ज्याचें नांव घेतात, त्या डिक डेलचें मूळ नांव रिचर्ड मन्सूर. त्याचा जन्म १९३७ सालीं बोस्टन येथें झाला. वडील लेबनानी वंशाचे. त्याचे काका ऊद नांवाचें अरबी तंतुवाद्य वाजवीत. डेल सांगत असे कीं, एकाच तारेवर सबंध गत वाजवून दाखीव, असें एका श्रोत्यानें त्याला आव्हान दिलें. तेव्हां त्याला काकांनीं उदाच्या एका तारेवर वाजविलेली जुनी चाल आठवली. त्यानें तिची गति कितीतरी वाढविली, आणि १९६२ मध्यें ‘मिसिर्लू’ जगापुढें आली. मिसिर्लू म्हणजे मिसर देशची स्त्री. पूर्व भूमध्य समुद्राभोंवतीं ही चाल पूर्वींच फिरत होती. ग्रीक भाषेंतील तिची ध्वनिमुद्रिका १९२७ सालीं न्यूयॉर्क येथें निघाली होती.

आमचा एक भाचा कॅलिफोर्नियांत नोकरीस असतो. गेल्या दिवाळींत तो सहकुटुंब आला असतां त्यानें ही गत आम्हां सर्वांस ऐकविली. आमच्या थोरल्या अक्कांनीं उमेदीच्या वयांत रीतसर गाण्याची तालीम घेतलेली आहे. भाचा त्यांना म्हणाला, “मावशी, ऐक. भुताखेतांच्या सिनेमासारखें वाटतें कीं नाहीं?” अक्कांनीं दोन आवर्तनें ऐकून घेतलीं व म्हणाल्या, “भूत कसलें रे? हे तर आपल्या पहांटेच्या भैरवाचे स्वर आहेत. त्यांच्या पाठीस कोणी लागलें आहे, एवढेंच!”

सर्व हंसले, परंतु अक्कांचें म्हणणें विनोदाचें नव्हतें. कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, कोमल धैवत व शुद्ध निषाद हा भैरव थाटाचा सांचा; अरबांच्या हिजाझकार मकामाचा सांचाही जवळजवळ तोच. ऋषभावरून गांधारावर जातांना मध्यें जें मोठें अंतर पडतें, तेंच पाश्चात्त्य कानास अपरिचित वाटतें, आणि अपरिचित तें त्याला गूढ व काळोखें भासतें. आमच्या कानास त्याच अंतरांत देवळाची घंटा ऐकूं येते. अर्थात् थाट एक म्हणजे राग एक नव्हे. भैरवांतील ऋषभ-धैवतांचें संथ आंदोलन या धांवत्या गतींत नाहीं. पडद्यांनीं बांधलेल्या गिटारवर तें साधणेंही कठीण. तरी ओळख पटावी इतकें साम्य आहे खास.

त्या रात्रीं भाच्याचा दहा वर्षांचा मुलगा बराच वेळ गप्प होता. तिकडे शाळासोबती घरीं येत, तेव्हां आपल्या आजीला तो गाऊं नको म्हणून विनवीत असे. मित्रांना तें गाणें ‘भीतिदायक’ वाटतें म्हणे. आजीचा स्वर आणि सोबत्यांना आवडणारा गिटारचा स्वर एकाच सांच्यांतले आहेत, हें त्याला प्रथमच कळलें. आम्हीं त्याला मुद्दाम कांहीं उपदेश केला नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं अक्का रियाजास बसल्या असतां तो आपण होऊन तंबोऱ्यापाशीं जाऊन बसला.

दूरच्या वस्तूस गूढ मानण्याची हौस सर्वत्रच असते. ‘अॅस्ट्रोनॉट्स’ ही मंडळी राहावयास कोलोरॅडोंत, समुद्रापासून शेंकडों मैल आंत. तरी १९६३ मध्यें मेक्सिकोच्या किनाऱ्याचें नांव असलेली त्यांची ‘बाहा’ लोकप्रिय झाली. उसनवारीस आम्ही दोष देत नाहीं. आमच्या नाटकमंडळ्यांनींही कर्नाटकी चालींवरून पदें बांधलीं, आणि तीं आज कोणास परकीं वाटत नाहींत. फरक दृष्टीचा आहे. परक्याचा वेष घेऊन घटकाभर मौज करणें निराळें, आणि काकांच्या तारेवरचा स्वर नव्या देशांत, नव्या वाद्यावर जिवंत ठेवणें निराळें. डेलनें नांव बदललें. १९६४ मध्यें बीटल्स अमेरिकेंत आल्यावर त्याच्या संगीताची लाटही ओसरली. पण १९९४ सालच्या ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटानें तीच गत पुन्हां जगभर पोंचविली, आणि २०१९ मध्यें तो वारला तेव्हां लोकांनीं त्याला प्रथम आठवलें तें त्या गतीमुळेंच. टाकून दिलेलें नांव लोक विसरले. घरचा सूर मात्र विसरले नाहींत.

परदेशीं वाढणाऱ्या आपल्या मुलानातवंडांविषयीं आपण पुष्कळ काळजी वाहतों; त्यांची भाषा राहील काय, नांवें राहतील काय, असें विचारतों. त्यांच्या कानांचीही थोडी काळजी वाहावी. एकाची काळोखी रात्र ती दुसऱ्याची पहांट असूं शकते. आणि ती पहांट आपल्याच घरची आहे, हें मुलांस वेळेवर ऐकवावयास घरांत कोणी तरी गातें असलें पाहिजे.