धारवाडचा मरवा

हुबळी आणि धारवाड ही दोन शहरे १९६२ मध्ये एकाच महानगरपालिकेत आली. मध्ये अंतर जेमतेम वीस किलोमीटरांचे. परंतु माती मात्र दोन घरची. धारवाड टेकड्यांवर वसलेले. तेथील जमीन तांबडी, मुरमाड. हुबळी ओलांडून नवलगुंदाच्या वाटेस लागावे, तो दोन्ही हातांस काळीभोर कपाशीची राने पसरलेली दिसतात. मरव्याचे जगणे-मरणे या फरकावरच ठरते.

मरवा आपणांस परका नाही. अबोलीच्या वळेसरात जी सुवासिक हिरवी काडी गुंफितात, तीच ही. कानडीत तिला मरुग म्हणतात. मात्र मरव्याचे माहेर सायप्रस बेट आणि तुर्कस्तानचा दक्षिण भाग, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. युरोपात तो केसांत माळीत नाहीत, मांसाच्या रश्श्यात घालतात! जुन्या करारात ज्याच्या जुडीने रक्त शिंपडावयास सांगितले आहे, तो एजोबही मरव्याचाच जवळचा भाऊबंद असावा, असे कित्येक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

त्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून पानांवर राखी रंगाची बारीक लव असते. ती ओलावा सहजासहजी उडू देत नाही. आपल्याकडे सारेच उलट. मृगापासून चार महिने पाऊस, आणि तोही ऐन वाढीच्या दिवसांत. तेव्हा एकदा रुजलेला मरवा उन्हाने क्वचितच जातो. तो जातो मुळाशी तुंबलेल्या पाण्याने. काळी माती पाणी धरून ठेवते. त्यात लावलेले रोप श्रावणात पिवळे पडले, की माउली दया येऊन त्यास आणखी एक तांब्या पाणी घालते, आणि तेथेच त्याचा शेवट होतो.

काळ्या मातीच्या गावी मरवा कुंडीतच बरा. तळाशी भोक असावे, त्यावर खापऱ्या घालाव्यात. तांबडी माती, निम्मी वाळू आणि मूठभर कुजलेले शेणखत पुरे. खत फार झाले तर पाने माजतात, वास उतरतो. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, बोटभर लांबीची कोवळी छाट लावावी. मुळे धरीपर्यंत सावलीत, पुढे भर उन्हात. वरची माती कोरडी झाल्यावाचून पाणी देऊ नये. कळी दिसताच शेंडे खुडावेत. फुटवा दाट होतो आणि वेणीलाही काड्या मिळतात. पावसाळ्यात कुंडी पडवीत घ्यावी. दोन-तीन वर्षांनी खोड लाकडासारखे होते; त्याआधीच त्याची एक छाट दुसऱ्या कुंडीत लावून ठेवावी.