इंदिरानगर ते गोदाघाट : एक श्रवणयात्रा

नाशिक म्हटलें कीं परस्थ माणसाच्या डोळ्यांपुढें रामकुंड, काळारामाचें देऊळ आणि द्राक्षांच्या पेट्या एवढेंच उभें राहतें. त्यांत इंदिरानगराचें नांव येण्याचें कारण नाहीं. मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेस वसलेली ही अलीकडची वस्ती. येथें ना घाट, ना वाडा, ना पुराणांतील एखादी कथा. नोकरदारांचीं बिऱ्हाडें, शिकवण्यांचे वर्ग, संध्याकाळच्या भाजीच्या गाड्या, आणि हमरस्त्याखालचा तो बोगदा, ज्यांतील खोळंब्याच्या हकीकती येथें घरोघर ऐकावयास मिळतात! एक मात्र वैभव आहे. गच्चीवर उभें राहिलें असतां त्रिरश्मी डोंगर दिसतो, व त्याच्या कुशींत पांडवलेणीं आहेत.

त्या लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा एक शिलालेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रादि खर्चासाठीं त्यानें तीन हजार कार्षापणें विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेविलीं. दोन हजार दरमहा शेंकडा एक व्याजानें आणि एक हजार शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दलास हात लावावयाचा नाहीं, व्याजावर भागवावयाचें, असा सारा चोख हिशेब दगडांत कोरून ठेविला आहे. ज्यांनीं संसार सोडला त्यांनाही कोणीतरी खर्चास द्यावें लागतें, हें नाशिककरांस इतक्या जुन्या काळापासून ठाऊक आहे. हा लेख आज आठवण्याचें कारण आमच्या घरांत उपस्थित झालेला प्रश्न.

आमचा पुतण्या अभियंता आहे. नोकरी बरी, पगार वेळच्या वेळीं. पण तो व त्याचे तीन सोबती आमच्या मागल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या टेकवून तेथें गिटार आणि ड्रम वाजवितात. आतां वर्षभर नोकरी सोडून स्वतः रचलेलीं गाणीं मुद्रित करावीं असा त्याचा मनसुबा आहे, आणि त्यासाठीं त्यानें घरांतून दीड लक्ष रुपये मागितले आहेत. मातुश्रींचें म्हणणें, गाणें शिकावयाचें तर तंबोऱ्यावर शिकावें. वहिनींस नोकरीची काळजी. थोरल्या बंधूंनीं निवाडा आमच्यावर सोंपविला. तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, ऐकल्यावांचून निकाल देऊं नका. रविवारीं माझ्याबरोबर गंगापुरास चला, वाटेंत ऐकवितों." विनंती रास्त होती.

बोगद्यांतून गोविंदनगरास निघेपर्यंत त्यानें शब्दाचा अर्थ सांगितला. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या पैशावर व मर्जीवर जें अवलंबून नाहीं तें स्वतंत्र संगीत. १९७७ च्या जानेवारींत मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' नांवाच्या चार तरुणांनीं मित्रांकडून व घरच्यांकडून पांचशें पौंड उसने घेऊन चार गाण्यांची एक तबकडी स्वतःच काढली. पहिल्या प्रती एक हजार. वेष्टनावर कोणतें गाणें कितव्या प्रयत्नांत साधलें हेंही छापलें होतें. कंपनी म्हणजे कांहीं दैवी शक्ति नव्हे, चार पोरांनाही तें काम करतां येतें, हें त्यावरून पुष्कळांस उमगलें. तें गाणें ऐकून आमच्या कानाचे दडे बसले, हें येथें नमूद केलें पाहिजे. त्यांत सूर शोधूं जाणें म्हणजे मिरचींत साखर शोधण्यासारखें आहे. परंतु 'घरच्यांकडून उसने' हे शब्द मात्र आम्हीं लक्षांत ठेविले. आणि ते लक्षांत राहावे अशीच पुतण्याची योजना होती, यांत शंका नाहीं.

आनंदवल्लीपाशीं, राघोबादादांच्या आनंदीबाईंचें नांव मिरविणाऱ्या त्या गांवाशीं, न्यूझीलंड सुरू झालें. त्या देशाच्या अगदीं दक्षिण टोंकाकडे डनेडिन म्हणून लाखभर वस्तीचें शहर आहे. तेथील 'द क्लीन' या मंडळीनें १९८१ सालीं 'टॅली हो!' नांवाचें गाणें अवघ्या पन्नास डॉलरांच्या आसपास खर्चांत मुद्रित केलें, आणि तें त्या देशाच्या विक्रीच्या यादींत एकोणिसावें आलें. वाद्यांचा आवाज डब्यांतून येतो तसा येतो; पण चाल लोभस आहे, आणि दोन मैल गेल्यावरही ती डोक्यांतून जाईना. नाशिकाहून लहान गांवांतील पोरें जगास ऐकूं जातात, ही गोष्ट आम्हांस मुंबई-पुण्याच्या छायेंत वाढलेल्यांस विशेष वाटली.

सोमेश्वराच्या देवळाजवळ गाडी थांबवून चहा घेतला, व तेथें जें ऐकलें त्यानें मात्र आम्ही स्तब्ध झालों. सहारा वाळवंटांतील तुआरेग जमातीचे 'तिनारिवेन' हे वादक. माली देशांतून देशोधडीस लागलेले हे तरुण १९७९ च्या सुमारास अल्जीरियांत एकत्र आले. त्यांचा म्होरक्या इब्राहिम अग अलहबीब यानें आपली पहिली गिटार पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांची केली होती. त्यांच्या कॅसेटी वाळवंटांत हातोहात नकलून पसरल्या. २०१२ सालीं त्यांस अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिक मिळालें, तें त्यांच्याच तमाशेक भाषेंतल्या गाण्यांस. गाणारा आवाज थकलेला, टाळ्यांचा ठेका सांथ, आणि एकच सूर धरून चाललेली ती गिटार. उंटांचा तांडा रात्रीं जावा तशी. आम्हांस एकही शब्द कळला नाहीं. तरी आमच्याकडील एकतारीवरच्या भजनाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. मातुश्रींस हें ऐकवावें असें तेव्हांच ठरविलें.

हें असलें संगीत पूर्वी आपल्याकडे मिळे कोठें? नाशिकचे हौशी तरुण सकाळच्या 'पंचवटी'नें मुंबईस जाऊन काळ्या घोड्यापाशीं 'रिदम हाऊस'मध्यें कॅसेटी धुंडाळीत आणि रात्रींच्या गाडीनें परतत. तें दुकान २०१६ सालीं बंद झालें. मुंबईंत १९८४ सालीं निघालेल्या 'रॉक मशीन'च्या वेळेपावेतों आपल्याकडील बहुतेक वादक परक्यांचीं गाणीं हुबेहूब वठविण्यांतच भूषण मानीत. या मंडळींनीं १९८८ सालीं स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढली. धोबी तलावाजवळच्या रंगभवनांत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'चा मेळा भरूं लागला. आतां हीं सारीं गाणीं खिशांतल्या यंत्रांत आहेत. यात्रेचा शीण गेला. तसें आणलेल्या कॅसेटीचें अप्रूपही गेलें.

गोवर्धन शिवारांत सुला द्राक्षमळ्याचें प्रेक्षागृह आहे. मळ्याच्या उतारावर ग्रीक धर्तीचीं अर्धवर्तुळाकार बैठकींचीं पायरीं, मागें वेलींच्या रांगा, त्यापलीकडे गंगापूर धरणाचें पाणी. राजीव सामंत यांनीं १९९९ सालीं सुरू केलेल्या या मद्यशाळेचा 'सुलाफेस्ट' नांवाचा संगीतोत्सव २००८ पासून येथें होऊं लागला, व देशोदेशींचे वादक नाशकास येऊं लागले. २०२० नंतर त्यांत खंड पडला, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत तो पुन्हां भरला. आम्ही गेलों तेव्हां पायऱ्या मोकळ्या होत्या व मळ्यांत घड उतरविण्याचें काम चाललें होतें. पुतण्या मधल्या जागेवर उभा राहून टाळी वाजवून आवाज कसा परततो तें पाहत होता. आम्हीं विचारलें, "अरे, कंपनीच्या मर्जीबाहेरचें म्हणून हें संगीत स्वतंत्र, आणि तें वाजणार मद्याच्या कंपनीच्या अंगणांत. राजाश्रय जाऊन मद्याश्रय आला, एवढाच का फरक?" तो हंसला, पण थोडें थांबून म्हणाला, "काका, अंगण त्यांचें. गाणें कोणतें वाजवावयाचें तें आमचें." आम्ही द्राक्षें खाणारे, पिणारे नव्हे, तेव्हां या उत्तरानें पुरतें समाधान झालें असें नाहीं. परंतु उषवदातानेंही भिक्षूंस वस्त्रें दिलीं, प्रवचनें लिहून दिलीं नाहींत.

परततांना आम्हीं मुद्दाम पंचवटीची वाट धरविली. पुतण्यास पं. विष्णु दिगंबर पलुसकरांविषयीं सांगावयाचें होतें. कुरुंदवाडास १८७२ सालीं जन्मलेल्या या पुरुषानें मिरजेस विद्या घेतली आणि संस्थानी आश्रय सोडून लोकांत गाण्याचा मार्ग धरिला. तिकीट लावून गाणें केलें म्हणून त्या काळीं नांवें ठेवणारे कांहीं थोडे नव्हते. लाहोरास १९०१ सालीं गांधर्व महाविद्यालय काढलें तें लोकांच्या पैशावर. १९०८ सालीं तें मुंबईस आणलें, कर्ज काढून इमारत उभारली, आणि कर्जापायीं ती इमारत गेली. पुढें नाशकास श्रीरामनामाधार आश्रमांत ते रामनामांत रमले, व १९३१ सालीं मिरजेस वारले. त्यांची विद्या शिष्यांनीं देशभर नेली. इमारत मात्र सावकारांनीं नेली. हें ऐकून पुतण्या कितीतरी वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, "म्हणजे तुमचें म्हणणें नाहीं असें?"

आमचें म्हणणें त्याच रात्रीं घरांत सांगितलें. दीड लक्ष द्यावे, पण देणगी म्हणून नव्हे, उसने. बिनव्याजी, वहीवर मांडून. नोकरी एकदम न सोडतां सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागावी. सराव रात्रीं साडेनवास बंद. कायदा ध्वनिक्षेपकांस दहाची मर्यादा घालतो, पण शेजाऱ्यांची झोंप कायदा पाहून येत नाहीं. वहिनींस रजेची तोड पटली. थोरले बंधु 'पाहूं' म्हणाले. आमच्या घरांत त्याचा अर्थ बहुधा होय असा असतो.

एक गोष्ट मात्र आम्हीं पुतण्यास घाटावरच सांगितली होती. त्याच्या चार गाण्यांपैकीं तीन इंग्रजींत आहेत. वाळवंटांतला मनुष्य तमाशेकमध्यें गातो, चार लाखही वस्ती नसलेल्या आइसलंडचे 'सिगुर रोस' आपल्या भाषेंत गातात, केरळांतील 'अवियल' मंडळीनें मल्याळम भाषेंत रॉक गाऊन २००८ सालीं तबकडी काढली. मग मराठीस काय झालें? मराठींत यमकें जुनाट वाटतात, असें त्याचें उत्तर. चौथें गाणें मराठी आहे, तें त्यानें तेथेंच, गिटारीवांचून, दुतोंड्या मारुतीसमोर म्हणून दाखविलें. गोदेस पूर आला कीं नाशिककर पाण्याची उंची याच मूर्तीवर मोजतात. घोटा, गुडघा, कंबर, छाती. गाण्याचीं कडवींही तशींच वर चढत जातात आणि पाणी गळ्याशीं आलें कीं चाल एकाएकीं तुटते. ऐकण्यासाठीं दोन-तीन यात्रेकरू थांबले होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानें पुढचें कडवें काय म्हणून विचारलें.